मरतानाच दिसणारा अणू

जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत २००२ साली ‘अथेना’ नावाच्या प्रयोगाने काही नोंदी टिपल्या. सिलिकॉनच्या पट्ट्यांवर दोन-चार विद्युतभारित कणांच्या खुणा, आणि जवळजवळ त्याच वेळी, त्याच जागेतून एकमेकांच्या नेमक्या विरुद्ध दिशांना निघालेले दोन गॅमा किरण. प्रत्येक नोंद एवढीच. अशा नोंदी मोजून शास्त्रज्ञांनी जगाला सांगितलं की आम्ही प्रतिहायड्रोजनचे, म्हणजे हायड्रोजनच्या प्रतिद्रव्यातल्या जुळ्या भावाचे, थंड अणू बनवले आहेत, आणि एकदोन नव्हे, निदान ५० हजार. त्यातला एकही अणू कोणाला दिसला नव्हता. नोंद झाली त्या क्षणी तो संपलेला होता. किंबहुना तो संपला म्हणूनच नोंद झाली.

प्रतिद्रव्य म्हटलं की ते किती स्फोटक आणि किती महाग यावरच चर्चा रंगते. मला यातला सर्वात मोलाचा भाग पुराव्याचा वाटतो. ज्या वस्तूचा ठसा फक्त तिच्या मरणातून उमटतो, ती वस्तू आपण खरोखर बनवली होती हे छातीठोकपणे सांगायचं कसं? बनवणं अवघड होतंच, पण ‘बनला’ असं म्हणायचा अधिकार मिळवणं त्याहून अवघड होतं.

आधी थोडी तोंडओळख. इलेक्ट्रॉनला एक जोडीदार असतो. वस्तुमान तेवढंच, विद्युतभारही तेवढाच, फक्त ऋणाच्या जागी धन. हा पॉझिट्रॉन. प्रोटॉनचाही असाच ऋणभारित जोडीदार आहे, तो प्रतिप्रोटॉन. अशा जोडीदारांना प्रतिकण म्हणतात, आणि त्यांचं बनलेलं ते प्रतिद्रव्य. पॉल डिरॅक यांनी १९२८ मध्ये इलेक्ट्रॉनसाठी जे समीकरण मांडलं, त्यातून एक जादाचं उत्तर डोकं वर काढत होतं. ते टाकून देण्याऐवजी त्यांनी १९३१ मध्ये म्हटलं की असा कण निसर्गात असला पाहिजे. पुढच्याच वर्षी कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसन यांना वैश्विक किरणांच्या छायाचित्रात इलेक्ट्रॉनसारखाच, पण चुंबकीय क्षेत्रात उलट बाजूला वळलेला माग सापडला. आपल्या होमी भाभांनी केंब्रिजमध्ये असताना इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळून कसे विखुरतात याचं गणित केलं, ते याच दशकात. जगभरातले कणभौतिकीवाले आजही त्याला ‘भाभा स्कॅटरिंग’ म्हणतात. प्रतिप्रोटॉन मात्र जड असल्याने त्याच्यासाठी मोठं यंत्र लागलं. तो १९५५ मध्ये बर्कलेच्या बेव्हाट्रॉनमध्ये सापडला आणि एमिलिओ सेग्रे व ओवेन चेंबरलेन यांना त्याबद्दल १९५९ चं नोबेल मिळालं.

कण आणि त्याचा प्रतिकण एकमेकांना भेटले की दोघेही नाहीसे होतात आणि त्यांच्या वस्तुमानाची ऊर्जा होते. आपलं सगळं जग साध्या द्रव्याचं आहे. भांडी, हवा, धूळ, आपण स्वतः. त्यामुळे प्रतिद्रव्य ठेवायचं कुठे, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न त्याहून खोल आहे. विश्वाच्या जन्मावेळी द्रव्य आणि प्रतिद्रव्य समप्रमाणात तयार झालं असावं असं आपले सिद्धांत सांगतात. मग सगळंच एकमेकांत जळून जायला हवं होतं. तसं झालं नाही, द्रव्य उरलं. का उरलं, याचं पुरेसं उत्तर अजून कोणाकडे नाही.

म्हणून तुलना करायची. हायड्रोजन हा सर्वात साधा अणू, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. तो कोणत्या रंगाचा प्रकाश शोषतो हे पंधरा दशांश स्थळांच्या आसपास मोजून झालेलं आहे. इतकं काटेकोरपणे माणसाने फार थोड्या गोष्टी मोजल्या आहेत. प्रतिप्रोटॉनभोवती पॉझिट्रॉन फिरत ठेवला की प्रतिहायड्रोजन होतो. आजच्या भौतिकशास्त्राच्या पायाशी असलेला एक नियम म्हणतो की त्याचे रंग हायड्रोजनच्या रंगांशी तंतोतंत जुळले पाहिजेत. शेवटच्या अंकात जरी फरक निघाला तरी पाया हलेल.

पण मोजायला अणू जागेवर थांबायला तर हवा. १९९५ मध्ये सर्नमध्येच वाल्टर ओलर्ट यांच्या गटाने जगातले पहिले प्रतिहायड्रोजन अणू बनवले. एकूण नऊ. ते प्रकाशाच्या सुमारे ९० टक्के वेगाने पळत होते आणि सेकंदाच्या साधारण ४० अब्जांश भागात, म्हणजे दहाएक मीटर जाऊन, कशावर तरी आदळून संपले. अणू बनू शकतो हे सिद्ध झालं, पण त्याच्यावर लेसर रोखून काही विचारावं इतका वेळच नव्हता. ‘थंड’ या शब्दाचा इथला अर्थ तोच आहे: हळू. तापमान म्हणजे कणांची धावपळ. साध्या खोलीच्या तापमानाला हायड्रोजनचा सुटा अणू सेकंदाला अडीच किलोमीटरहून जास्त वेगाने धावतो. निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या अंशावर, म्हणजे अर्ध्या केल्व्हिनला, तो वेग सेकंदाला शंभरएक मीटर होतो. प्रतिअणू पकडायचा तर त्याला या पातळीवर आणावं लागतं.

इथे एक उलटा प्रकार घडतो. कणभौतिकीतली यंत्रं कणांना वेग देण्यासाठी बांधतात. सर्नने मात्र या कामासाठी वेग काढून घेणारं यंत्र बांधलं, ‘अँटीप्रोटॉन डिसेलरेटर’. त्याचं काम २००० साली सुरू झालं. आधी प्रोटॉन भरपूर वेगवान करून इरिडियम या जड धातूच्या ठोकळ्यावर आदळवतात. त्या धडकेच्या ऊर्जेतून नवे कण जन्मतात, आणि जवळपास दहा लाख प्रोटॉन आदळावेत तेव्हा कुठे एखादा प्रतिप्रोटॉन हाती लागतो. हे प्रतिप्रोटॉन १८२ मीटर परिघाच्या वर्तुळात फिरवत ठेवतात, टप्प्याटप्प्याने हळू करतात, आणि मध्येमध्ये त्यांचा विस्कटलेला घोळका आवळून घेतात. घोळका आवळण्याची एक पद्धत सायमन व्हॅन डर मीर यांची. घोळक्याचा एक भाग किती भरकटलाय हे वर्तुळाच्या एका बाजूला मोजायचं आणि तो दुसऱ्या बाजूला पोचायच्या आत संदेश पाठवून त्याला सरळ करायचं. त्यांना १९८४ चं नोबेल मिळालं त्यामागे हेच काम होतं. शेवटी दर दीड-दोन मिनिटांनी सुमारे तीन कोटी प्रतिप्रोटॉनांचा एक झोत मिळतो.

स्फोटाची भीती वाटणाऱ्यांसाठी एक छोटा हिशेब. हे तीनही कोटी प्रतिप्रोटॉन एकाच वेळी नष्ट झाले तरी निघणारी ऊर्जा एका ज्यूलच्या शंभराव्या भागाहून थोडी कमी भरते. शंभर ग्रॅमची वस्तू एक सेंटीमीटर उचलायला साधारण तेवढीच ऊर्जा लागते.

यंत्रातून बाहेर पडतानाही प्रतिप्रोटॉनांचा वेग प्रकाशाच्या दहा टक्के असतो. अथेनाच्या काळात पुढची पायरी अगदी ओबडधोबड होती. धातूचा पातळ पत्रा वाटेत धरायचा. बहुतेक प्रतिप्रोटॉन त्यातच संपायचे, काही जास्त वेगाने पार व्हायचे, आणि हजारात एखादाच इतका मंदावून बाहेर पडायचा की त्याला सापळ्यात अडवता येईल. एका झोतातून साधारण दहा हजार हाती लागायचे. गेल्या काही वर्षांत ‘एलेना’ नावाचं ३० मीटर परिघाचं आणखी एक वर्तुळ जोडल्यापासून ही नासाडी बरीच कमी झाली आहे, पण ही सोय फार पुढची.

सापळा म्हणजे एकापाठोपाठ एक ठेवलेल्या पोकळ धातूच्या कड्यांची नळी. ती अतिशय गाढ निर्वातात आणि थंडीत ठेवतात. लांबीच्या दिशेने जोरदार चुंबकीय क्षेत्र असतं. अथेनात ते तीन टेस्ला होतं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक). भारित कण या क्षेत्रात नळीच्या अक्षाभोवती गिरक्या घेत राहतात, भिंतीकडे जात नाहीत. दोन्ही टोकांच्या कड्यांना योग्य व्होल्टेज दिलं की टोकांकडूनही वाट बंद होते. प्रतिप्रोटॉन भांड्याच्या भिंतीला शिवत नाही, म्हणून टिकतो. याला पेनिंग सापळा म्हणतात आणि जेराल्ड गॅब्रिएल्स यांच्या गटाने १९८६ मध्ये त्यात पहिल्यांदा प्रतिप्रोटॉन अडकवून दाखवले होते. आत आधीच इलेक्ट्रॉन भरून ठेवलेले असतात. चुंबकीय क्षेत्रात फिरताना इलेक्ट्रॉन आपली उष्णता प्रकाशलहरींवाटे भराभर टाकून देतात आणि प्रतिप्रोटॉनांशी टकरा घेत त्यांनाही गार करतात. इलेक्ट्रॉन आणि प्रतिप्रोटॉन हे एकमेकांचे प्रतिकण नाहीत, त्यामुळे या शेजाराने काही बिघडत नाही.

पॉझिट्रॉन मिळवणं त्या मानाने सोपं. सोडियम-२२ हा किरणोत्सारी पदार्थ ते आपसूक देतो. गोठवलेल्या निऑनच्या थरातून जाताना त्यांचा वेग मोडतो, मग नायट्रोजनच्या विरळ वायूत टकरा खाऊन ते दुसऱ्या सापळ्यात साठतात. अथेनाने एका वेळी सुमारे सात कोटी पॉझिट्रॉन वापरले.

आता दोघांना एकत्र आणायचं, आणि इथे पेच. प्रतिप्रोटॉन ऋण, पॉझिट्रॉन धन. ज्या व्होल्टेजने एकाला अडवायचं त्याच व्होल्टेजने दुसरा निसटतो. उपाय असा काढला की प्रतिप्रोटॉनांच्या लांबट खोलगट जागेच्या मधोमध एक उंचवटा ठेवायचा. ऋण कणांना जो उंचवटा वाटतो तोच धन कणांना खड्डा वाटतो. पॉझिट्रॉन त्यात बसून राहतात, आणि प्रतिप्रोटॉन दोन्ही टोकांच्या मध्ये येरझारा घालताना त्यांच्या ढगातून आरपार जातात. जाता जाता एखादा प्रतिप्रोटॉन एका पॉझिट्रॉनला धरून ठेवतो. जास्तीची ऊर्जा जवळचा दुसरा पॉझिट्रॉन घेऊन जातो. अणू तयार.

आणि तयार होताच तो हातातून जातो. अणूवर एकूण भार शून्य असतो. ज्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी त्याचे दोन्ही घटक अडवून धरले होते, ती त्याला अडवू शकत नाहीत. तो सरळ भिंतीकडे जातो, धातूला शिवतो आणि संपतो.

अथेनाच्या शास्त्रज्ञांनी या निसटण्यालाच साक्षीला बोलावलं. भिंतीवर दोन मरणं जवळजवळ एकाच वेळी, एकाच ठिकाणी होतात. प्रतिप्रोटॉन भिंतीतल्या एखाद्या अणूच्या केंद्रकावर नष्ट होतो आणि त्यातून पायॉन नावाचे कण सुटतात. त्यांपैकी सरासरी तीन भारित असतात. सापळ्याभोवती सिलिकॉनच्या बारीक पट्ट्यांचे दोन थर गुंडाळलेले होते. प्रत्येक भारित पायॉन आतल्या थरावर एक आणि बाहेरच्या थरावर एक ठिपका सोडतो. दोन ठिपके जोडले की त्याचा माग मिळतो, आणि दोन-तीन माग मागे वाढवत नेले की ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे प्रतिप्रोटॉन मेला. त्याच जागी पॉझिट्रॉनही एका इलेक्ट्रॉनबरोबर नष्ट होतो. त्यातून दोन गॅमा किरण निघतात, प्रत्येकी ५११ हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेचे, आणि ते एकमेकांपासून बरोबर १८० अंशांत जातात. हे किरण टिपायला सिलिकॉनच्या बाहेर सीझियम आयोडाइडचे १९२ स्फटिक होते.

या ५११ च्या जोडीवरच पेट स्कॅन चालतो. रुग्णाच्या शरीरात सोडलेलं औषध पॉझिट्रॉन देतं, आणि दोन बाजूंना एकाच वेळी पोचलेल्या किरणांवरून गाठ कुठे आहे ते कळतं. त्यासाठी लागणारं किरणोत्सारी फ्लोरिन बनवणारा भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झाला, तोही २००२ सालीच.

वर सांगितलं तेवढं वाचून वाटेल की झालं, खूण मिळाली. पण अणू न बनताही अशा खुणा उमटू शकतात. सुटा प्रतिप्रोटॉन सापळ्यातून भरकटून भिंतीवर मेला तरी भारित पायॉन निघणारच. त्यांच्याबरोबर काही भारहीन पायॉनही निघतात. ते लगेच जास्त ऊर्जेच्या गॅमा किरणांत मोडतात, ते किरण आजूबाजूच्या चुंबकात आणि धातूत शिरून नवे पॉझिट्रॉन जन्माला घालतात, आणि तेही नष्ट होऊन ५११ चे किरण देतात. म्हणजे एकटा प्रतिप्रोटॉनसुद्धा मरताना खोटी साक्ष उभी करू शकतो. चुकीच्या दाव्यासाठी याहून सोयीचा सापळा शोधून सापडला नसता.

खऱ्या आणि खोट्या साक्षीत फरक कोनाचा. खरा अणू मेला असेल तर प्रतिप्रोटॉनच्या मरणजागेतून पाहिल्यावर दोन गॅमा किरण नेमके समोरासमोर दिसले पाहिजेत. खोट्या नोंदींत ते किरण दुसरीकडून आलेले असतात, त्यामुळे त्या जागेतून पाहिलं की कोन कसेही येतात. अथेनाने सगळ्या नोंदींचे कोन आलेखावर मांडले. कसेही आलेले कोन एका सपाट पसरट पट्ट्यात गेले, आणि १८० अंशांपाशी स्पष्ट शिखर उभं राहिलं. सपाट पट्टा वजा केल्यावर शिखरात उरलेल्या नोंदी सुमारे १३१. जास्तीत जास्त कडक चाळणी लावून उरलेल्या एवढ्या नोंदींवरून, आणि यंत्राला प्रत्यक्षात किती अणू निसटून जातात याचा हिशेब करून, ५० हजारांचा आकडा आला.

यापुढे त्यांनी जे केलं ते मला या सगळ्या प्रयोगातलं सर्वात सुंदर वाटतं. त्यांनी अणू बनणं बंद करून पाहिलं. पॉझिट्रॉनांच्या ढगाला रेडिओलहरींनी तापवलं. पॉझिट्रॉन तेवढेच, प्रतिप्रोटॉन तेवढेच, सापळा तोच, चुंबक तोच. फरक फक्त तापमानाचा. तापलेले पॉझिट्रॉन इतके जोरात पळतात की प्रतिप्रोटॉनला त्यांना धरून ठेवता येत नाही, म्हणून अणू बनायला नकोत. शिखर १८० अंशांवर पुन्हा आलं असतं, तर तो सगळा दावा यंत्राचा भास ठरला असता. शिखर नाहीसं झालं. आम्ही म्हणतो ते कारण काढून घेतलं की परिणामही जातो, हे दाखवणं म्हणजे विज्ञानातली प्रामाणिक साक्ष. वैज्ञानिक दाव्यांची बातमी वाचताना मी आधी हेच शोधतो की त्यांनी ते बंद करून पाहिलं का.

त्याच इमारतीत ‘एट्रॅप’ हा गॅब्रिएल्स यांचा प्रतिस्पर्धी गट काम करत होता आणि काही आठवड्यांत त्यांचाही निकाल आला, अगदी वेगळ्या वाटेने. नवा अणू सैल असतो, पॉझिट्रॉन खूप दूरवर फिरत असतो. त्यांनी वाटेत जोरदार विद्युतक्षेत्र ठेवलं. भारहीन अणू ढगातून निसटून तिथे पोचला की क्षेत्र त्याचा पॉझिट्रॉन ओरबाडून काढायचं आणि उघडा पडलेला प्रतिप्रोटॉन तिथल्या छोट्या सापळ्यात अडकायचा. सुटा प्रतिप्रोटॉन त्या जागी पोचूच शकत नव्हता. म्हणून नंतर तो सापळा उघडून जे मोजले ते सगळे आधी अणूच होते. श्रेय कोणाचं यावरून दोन गटांत चुरस होती, पण दोन वेगळ्या पद्धतींनी एकच गोष्ट सिद्ध झाल्याने बाकीच्या जगाचा फायदाच झाला.

अणू बनले, पण भिंतीवर आपटून संपत होते. पुढचं काम त्यांना धरून ठेवायचं. ते अथेनानंतर आलेल्या, जेफ्री हँग्स्ट यांच्या नेतृत्वाखालच्या ‘आल्फा’ या गटाने केलं. भारहीन अणूलाही एक बारीकशी पकड असते. त्यातला पॉझिट्रॉन स्वतः एक छोटा चुंबक असतो. मध्यभागी चुंबकीय क्षेत्र कमी आणि सगळ्या बाजूंनी वाढत जाणारं ठेवलं, तर योग्य दिशेने तोंड असलेला अणू मधल्या भागात अडकून राहतो. आल्फाने त्यासाठी आठ ध्रुवांचा अतिवाहक चुंबक बनवला. पण ही पकड फार उथळ, जेमतेम अर्ध्या केल्व्हिनची. परातीत काठोकाठ पाणी भरून चालायला लागलं तर जे होतं तेच इथे: जरा जास्त ऊर्जेचा अणू असला की सांडला. बनलेल्या हजारो अणूंतून एखाददुसराच इतका हळू असायचा.

एखादा अणू अडकला आहे हे तरी कळणार कसं? पुन्हा मरणाची साक्ष. आल्फाने दोन्ही प्रकारचे कण मिसळले, उरलेले भारित कण विद्युतक्षेत्राने झटकून बाहेर काढले, आणि मग चुंबक एकदम बंद केला. त्यातला प्रवाह सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या वेळात ओसरला. आत अणू असेल तर तो त्या काही मिलिसेकंदांत भिंतीवर मरणार. वैश्विक किरण सतत येत असतात, पण ते बहुधा सरळ आरपार एक रेघ ओढून जातात आणि पायॉनांसारखे एका बिंदूतून फाकत नाहीत. वेळेची खिडकी एवढी अरुंद असल्याने त्यांचा गोंधळही जवळजवळ संपला.

तरी एक शंका उरली. चुंबकाच्या वळणांत एखादा सुटा प्रतिप्रोटॉन अडकून राहिला असेल तर? त्याचं मरणही तसंच दिसेल. म्हणून चुंबक बंद करताना त्यांनी नळीत विद्युतक्षेत्र लावून ठेवलं, कधी डावीकडे ढकलणारं, कधी उजवीकडे. सुटा प्रतिप्रोटॉन त्या बाजूला सरकून मरेल. भारहीन अणूला त्या क्षेत्राचं सोयरसुतक नाही, तो दोन्ही वेळी सारखाच वागेल. नोंदी क्षेत्राच्या दिशेला भीक न घालता मध्यभागीच पसरल्या. नोव्हेंबर २०१० मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. एक कोटीच्या आसपास प्रतिप्रोटॉन आणि ७० कोटी पॉझिट्रॉन खर्ची पडले होते, आणि खात्रीने पकडलेले अणू होते ३८. प्रत्येक जण सेकंदाच्या सहाव्या भागाएवढा तरी टिकला होता. पुढच्या वर्षी हीच मुदत १,००० सेकंदांवर, म्हणजे सोळा मिनिटांच्या वर गेली.

सोळा मिनिटं अणूच्या दृष्टीने प्रचंड असतात. तेवढ्यात तो आपल्या सर्वात खालच्या ऊर्जापातळीवर स्थिरावतो, आणि मग त्याला प्रश्न विचारता येतो. २०१६ मध्ये आल्फाने २४३ नॅनोमीटरच्या अतिनील लेसरने पहिल्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर उडी मारायला लावली. उडी मारली हेही मरणातूनच कळलं: त्या पातळीवर पोचलेले बरेच अणू पुढे पॉझिट्रॉन गमावतात किंवा त्यांच्या चुंबकाचं तोंड उलटतं, मग सापळा त्यांना धरू शकत नाही. लेसरची वारंवारिता थोडी थोडी बदलत किती अणू हरवले आणि किती उरले ते मोजायचं. २०१८ पर्यंत ही मोजणी एक लाख कोटीत दोन इतक्या चुकीपर्यंत आली आणि हायड्रोजनशी जुळली. २०२१ मध्ये लेसरनेच अणूंना आणखी गार करून दाखवलं. अजून तरी दोन्ही अणूंच्या रंगात फरक सापडलेला नाही.

मग तो प्रश्न, जो शाळेतलं मूलही विचारेल. प्रतिद्रव्य सोडलं तर खाली पडतं की वर जातं? जवळजवळ सगळ्यांना वाटत होतं की खालीच. पण प्रत्यक्ष सोडून कोणी पाहिलं नव्हतं, आणि वाटणं म्हणजे मोजणं नव्हे. सुटा प्रतिप्रोटॉन सोडून चालत नाही. त्याच्यावर भार असतो, आणि आसपासचं किंचितसं विद्युतक्षेत्रही गुरुत्वाकर्षणाला सहज झाकून टाकतं. भारहीन अणूच हवा. आल्फाने सापळा आडवा न ठेवता उभा ठेवला, सुमारे शंभर अणू आत ठेवले आणि वरचं व खालचं अशी दोन्ही चुंबकीय झाकणं वीस सेकंदांत हळूहळू सैल केली. पाव मीटर उंचीच्या फरकाने गुरुत्वाकर्षण या अणूवर जेवढा परिणाम करतं, तो चुंबकाच्या भाषेत अवघा ०.०००४५ टेस्ला भरतो. आणि झाकणांची क्षेत्रं एक टेस्लाच्या वर! वरच्या आणि खालच्या झाकणात दहाहजारांश टेस्लाएवढा नको असलेला फरक राहिला तरी उत्तर बिघडणार. या गटाच्या कामाची खरी कसोटी तिथे होती.

त्यांनी इथेही कारण हलवून पाहिलं. झाकणांत मुद्दाम फरक ठेवून जणू गुरुत्वाकर्षण दहापट वाढवलं, तेव्हा अणू जवळपास सगळे एका टोकाने गेले. उलट फरक ठेवला तर दुसऱ्या टोकाने. मधल्या अनेक पायऱ्यांवर मोजून त्यांनी संपूर्ण वक्र काढला. झाकणं समसमान असताना सुमारे ८० टक्के अणू खालून बाहेर पडले. सप्टेंबर २०२३ मध्ये निकाल आला: प्रतिहायड्रोजन खाली पडतो, त्याचं त्वरण नेहमीच्या गुरुत्वत्वरणाच्या ०.७५ पट, आणि चुकीची मर्यादा एवढी रुंद की पूर्ण १ सुद्धा त्यात बसतो. काही बातम्यांनी ‘प्रतिद्रव्य सावकाश पडतं’ असा अर्थ काढला, तो चूक आहे. प्रतिद्रव्य वर ढकललं जातं ही कल्पना मात्र या निकालाने निकालात काढली.

हा आकडा घट्ट करायला अणू जास्त हवेत आणि आणखी गार हवेत. त्या बाजूने नोव्हेंबर २०२५ मध्ये चांगली बातमी आली. आल्फाने पॉझिट्रॉनांच्या ढगात बेरिलियमचे भारित अणू मिसळले आणि लेसरने ते गार केले. त्यांच्या संगतीत पॉझिट्रॉनही आधीपेक्षा बरेच थंड झाले. थंड पॉझिट्रॉनांमधून बनणारे अणू हळू असतात, म्हणून सापळ्यात जास्त टिकतात. सात तासांच्या आत त्यांनी १५ हजारांहून जास्त प्रतिहायड्रोजन अणू जमवले. २०१८ च्या रंगमोजणीसाठी एवढे अणू गोळा करायला याच गटाला दहा आठवडे लागले होते.